मंत्र म्हणा, पण गाडीत बसून

नर्सबाईंना विचारा

गेल्या अंकात मी वारीला निघण्याआधी पायांची काळजी कशी घ्यावी ते लिहिलं आणि जाता जाता 'पान लागलं (म्हणजे साप चावला) तर आधी दवाखाना, मग बाकीचं' असंही लिहिलं. त्यावर जी पत्रं आली त्यांत दुखण्याखुपण्याची थोडीच. बाकी सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच : समोरचं माणूस ऐकतच नाही, काय करू? म्हणून या वेळी गुडघे आणि रक्तदाब राहू देत. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्या विषयात माझी निम्मी नोकरी गेली.

*प्र. : मी एका वाडीवर आशा म्हणून काम करते. माझे सासरे (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात) साप-विंचवाचं विष उतरवतात. हे त्यांच्या वडिलांकडून आलेलं आहे. कुणाकडून पैसा घेत नाहीत, नारळसुद्धा देवापुढे ठेवायला लावतात. रात्री-अपरात्री हाक आली तरी उठतात. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं की पान लागल्यावर वेळ घालवायचा नाही. मागच्या पावसाळ्यात एका बाईला त्यांनी दोन तास बसवून ठेवलं. ती वाचली, त्यामुळे आबांचं नाव आणखी झालं. मी बोलायला गेले की, "चार दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलीस आणि मला शिकवतेस?" एक जण म्हणाला, जादूटोणा कायद्याखाली तक्रार कर. घरातल्या माणसावर कशी करू? (आशा कार्यकर्ती, रत्नागिरी जिल्हा)*

तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. माझ्या सुना तुझ्याच वयाच्या आहेत.

आबांशी काय बोलायचं ते पुढे येईल. आधी माझं ऐक. मी १९८४ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले, तेव्हा साप चावलेल्या माणसाचं काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं होतं. चावल्याच्या वर दोरी आवळायची, ब्लेडने चिरा द्यायचा, रक्त वाहू द्यायचं. मी हे केलं आहे, स्वतःच्या हातांनी, पुष्कळदा. फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं, आणि अशा माणसाला आम्ही वर आणखी चिरा द्यायचो! दोरीने काळंनिळं पडलेलं पाऊल मला अजून दिसतं. पुढे सूचना बदलल्या. दोरी नको, चिरा नको, चोखणं नको; हात किंवा पाय हलू न देता फळी बांधा आणि गाडीत घाला. आम्ही काही एका दिवसात बदललो नाही. मी तर वर्षभर कुरकुरत होते, "इतकी वर्षं माणसं वाचलीच ना?" हे वाक्य तुझ्या ओळखीचं असेल. आबांच्या तोंडी तेच असणार.

आमच्या केंद्रापासून दोन-अडीच कोसांवर असेच एक तात्या होते. पंचा, खांद्यावर घोंगडं, पैशाला शिवायचे नाहीत. माणूस आला की त्याला कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. मग मंतरलेलं पाणी. आम्ही दवाखान्यातले लोक त्यांची टिंगल करायचो. त्यांना ते कळत होतं, आणि म्हणून ते कुणालाही आमच्याकडे पाठवत नसत.

टिंगलीवरच थांबले असते तरी बरं. एका श्रावणात पहाटे आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणला. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला, मग पापण्या जड झाल्या. मण्यार. तिचा दंश दुखत नाही, खूण धड सापडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं पोटच बिघडलं. हा मुलगा आधी दुसऱ्याच एका भगताकडे तीन तास होता. जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना तो वाटेत गेला. त्याचा आजा पायरीवर बसलेला, आणि मी त्याला सगळ्यांदेखत बोलले. "तुम्ही मारलंत त्याला." शब्द हेच होते. माझं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानंतर त्या घरातलं कुणी आमच्या केंद्रात आलं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं, तेव्हाही त्यांनी तिला आमच्या दारावरून पुढे नेलं. आणखी बारा मैल. ती वाचली, पण त्या बारा मैलांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

त्या प्रकारानंतर मी तात्यांकडे गेले. शिकवायला नव्हे. ब्लेडच्या चिऱ्यांची गोष्ट त्यांना सांगितली, जशी आता तुला सांगितली तशीच. आमचं चुकलं होतं, इतकी वर्षं. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग आता काय करतासा?" त्या माणसाने दवाखान्याबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

मग आम्ही मोजायला बसलो. त्या पावसाळ्यात त्यांच्याकडे कोण कोण आलं, आठवेल तेवढं. नावं त्यांची, वही माझी. बहुतेकांनी साप पाहिला होता, आणि साप ओळखण्यात तात्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. दिवड. धामण. पुन्हा दिवड. एक कवड्या, ज्याला घरच्यांनी मण्यार समजून ठेचला होता. नानेटी. तात्या स्वतःच सांगत गेले आणि स्वतःच म्हणाले, "हेच्यात इखच नाय." आपल्या देशात सापांच्या ३०० च्या आसपास जाती, आणि बहुतेक बळी घेतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघे. त्यांनीही दर वेळी विष सोडलेलं असतंच असं नाही. नुसते दात लागतात आणि माणूस भीतीने पांढराफटक पडतो. अशा सगळ्यांना तात्यांचं पाणी लागू पडायचं. शेजारच्या बाईने साखरेचं पाणी दिलं असतं तरी लागू पडलं असतं.

म्हणजे तुझे आबा 'काही पुरावा नसताना' मानतात असं समजून बोलायला जाशील तर पहिल्याच वाक्याला फसशील. त्यांच्याकडे पुराव्यांची रांग आहे. दरवर्षी नारळ घेऊन येणारी, पाया पडणारी जिवंत माणसं. जी गेली ती परत येऊन तक्रार करत नाहीत, आणि त्यांच्या घरचे म्हणतात, घटका भरली होती. तू त्यांना पुरावा दाखवायला जाऊ नकोस. त्यांच्याच पुराव्याची मोजणी त्यांच्याकडून पुरी करून घे.

तात्यांना विचारलेला एक प्रश्न मी नंतर जन्मभर वापरला. "काय दिसलं की तुम्ही म्हणता, हे आता माझ्या हातचं नाही?" प्रत्येक विष उतरवणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं, नाहीतर त्याचं नाव टिकलंच नसतं. तात्या म्हणाले, तोंडातून रगत आलं की. म्हणजे त्यांच्या हिशेबातही एक माणूस असा होता, ज्याला मंत्र पुरा पडत नाही. आमचं भांडण आता मंत्राचं राहिलं नाही, वेळेचं झालं. रक्त तोंडातून यायच्या आधी ते बिघडलंय हे कळलं तर? कळतं, म्हटलं, या एकदा.

ते आले, एका फुरसं चावलेल्या गुराख्याबरोबर. डॉक्टरांनी दोन मिली रक्त काढून काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घातलं. प्लास्टिकची चालत नाही, नळी हलवायचीही नाही. वीस मिनिटं. तात्या बाकावर बसून नळीकडे बघत होते, मध्ये एकदा हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. वीस मिनिटांनी मी नळी आडवी केली. निरोगी माणसाचं रक्त एव्हाना दह्यासारखं धरतं. हे पाण्यासारखं काठाशी आलं. तात्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा आडवी करून पाहिली. म्हणाले, "माज्या पाल्यापेक्षा ह्ये बरं. पाला खानाऱ्याला इचारावं लागतं." (ही नळी नाग आणि मण्यारीला उपयोगाची नाही बरं का, त्यांचं विष नसांवर जातं. तिथे पापण्या, बोलणं, गिळणं बघावं लागतं. तेही त्यांना सांगितलं.)

मग एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, बाटली पाहिली. पावडर, त्यात पाणी घालून हलकेच फिरवायची, खळखळ हलवली तर फेस येतो. कशाची करतात, म्हणाले. घोड्याला या चार सापांचं विष थोडं थोडं, वाढवत वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो ही पावडर. तात्या एकदम खुलले. "म्हंजी इखावर इखच!" पुढचे सहा महिने ते वाडीवाडीवर घोड्याची गोष्ट सांगत होते. माझ्या दहा आरोग्यसभांनी झालं नसतं तेवढं काम त्या घोड्याने केलं.

तात्या बदलले का? तुला खरं सांगायचं तर नाही. मंत्र त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. आमचं एवढंच ठरलं की मंत्र म्हणायचा, पण गाडीत बसून. जीपच्या मागच्या फळीवर ते पेशंटचा पाय मांडीवर धरून पुटपुटत यायचे. पाय हलत नव्हता, माणूस घाबरत नव्हता. मला अजून काय हवं होतं? एक-दोन डॉक्टर नाराज झाले, 'दवाखान्यात असलं चालवून घेता' म्हणून. त्यांना मी रजिस्टर दाखवलं. चावल्यापासून आमच्या दारात यायचा वेळ त्यात लिहिलेला असतो.

आता कायद्याचं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड. 'रोखून' हा शब्द नीट वाच. आबा कुणाला अडवत नसतील, आलेल्याला हाकलत नसतील, तर गोष्ट वेगळी. पण दोन तास बसवून ठेवणं हे त्या शब्दाच्या फार जवळ जातं. हे त्यांना सांग, धमकी म्हणून नव्हे; घरच्या माणसाला उद्या त्रास होऊ नये म्हणून सून सांगते तसं. आणि जो कुणी पैसे घेऊन, 'दवाखान्यात नेलंत तर मंत्र उलटेल' अशी भीती घालून बसवून ठेवतो, त्याच्याशी हे असलं गोड बोलत बसू नकोस. तिथे सरळ पोलीस स्टेशन.

चार माणसांत आबांना कधी दुरुस्त करू नकोस. सासूबाईंशी आधी बोल. रात्री हाक आली की दार तीच उघडते. हाक आली की आबा उठतील, तू १०८ लाव. दोन्ही एकाच वेळी. गाडी येईपर्यंत त्यांचा मंत्र चालू दे, तू पायाला फळी बांध, जोडवी-पैंजण-अंगठी काढून घे, सूज चढली की निघत नाहीत. गाडी आली की म्हण, "आबा, तुम्ही पण चला, तुम्ही असलात की माणूस धीर धरतो." ते खरंही आहे.

*प्र. : माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. नातू चौदा महिन्यांचा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस तिने पुढे ढकलली आहे, ऑटिझम होतो म्हणून. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाचं बोलणं लसीनंतर थांबलं म्हणे. मी समजावलं तर म्हणते, "आई, तू संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पाणी पीत नाहीस, तू मला पुरावा विचारू नकोस." (एक आजी, नाशिक)*

मुलीने बरोबर वर्मावर बोट ठेवलंय, मान्य करा आणि हसा. तुमच्या संकष्टीने फार तर तुमचं डोकं दुखतं, नातवाला गोवर होत नाही, एवढंच म्हणा आणि पुढे चला.

ही ऑटिझमची भीती आली कुठून ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लंडच्या डॉक्टराने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरचा एक लेख छापला. फक्त बारा. नंतर बाहेर आलं की लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदीही जुळत नव्हत्या. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला, त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं नाव नोंदवहीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास करून २०१९ मध्ये छापलं : लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही.

पण हे आकडे तिला आज पाठवू नका. आईने पाठवलेली लिंक कुणी उघडत नाही, मी माझ्या मुलांवर प्रयोग करून पाहिलाय. आधी तिला त्या ओळखीतल्या मुलाबद्दल विचारा. त्याचं नाव काय, तो आता कसा आहे, त्याची आई काय म्हणते. तिने ते मूल पाहिलंय आणि तिला रात्री झोप लागत नाही, तिथून हे सगळं सुरू झालंय. ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या ध्यानात येतात ती साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात, आणि ही लसही त्याच सुमाराला देतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. लस घ्यायला नेलेल्या, न नेलेल्या, दोन्हीकडच्या मुलांत हे त्याच वयात दिसतं. हे तिला तिच्याच तोंडून सुचलं तर उत्तम. विचारा, "त्याला लस दिली नसती तर तू कशाला दोष दिला असतास?" आणि उत्तराची घाई करू नका, तिकडे रात्र असते.

२०१८ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. मी तेव्हा निवृत्त, पण मदतीला बोलावलं होतं. एका शाळेत बारा-पंधरा आया दाराशी उभ्या, 'या सुईने पुढे मुलं होत नाहीत' असं मोबाइलवर आलेलं. डॉक्टरांनी अर्धा तास लसीचं शास्त्र सांगितलं, एकही हलली नाही. माझी नात त्याच शाळेत. मी तिला सगळ्यांसमोर पहिली उभी केली. ती जाम रडली, मला आजवर ऐकवते. मागोमाग आठ-नऊ आया आल्या. बाकीच्या आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

तुमच्या मुलीने गोवर पाहिलेलाच नाही. मी पाहिलाय. ऐंशीच्या दशकात 'बाया आल्यात' म्हणून अंधाऱ्या खोलीत, कडुनिंबाच्या डहाळ्यांत ठेवलेली मुलं, चिकटलेले डोळे, आणि आठव्या-नवव्या दिवशी धाप. अमेरिकेने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये टेक्सासात लस न घेतलेली दोन मुलं त्यानेच गेली. आपल्याकडे २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, ते तुम्ही वाचलं असेल. तुम्ही आजी आहात. लहानपणी वाड्यात कुणाला गोवर आलेला पाहिला असेल तर ते सांगा. कोण होतं, कुठे झोपवलं होतं, काय वास यायचा. पुढच्या वेळी ती बाळाच्या डॉक्टरांकडे जाईल तेव्हा म्हणा, मला फोनवर घे, मलाही दोन शंका विचारायच्या आहेत. आणि खरोखर शंका विचारा. आईही विचारते आहे म्हटल्यावर तिला तिच्या विचारणं सोपं जाईल.

*प्र. : तुम्ही स्वतः वारीला जाता. विठ्ठल आहे याचा काय पुरावा आहे तुमच्याकडे? मग लोकांच्या श्रद्धांवर बोट ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? विज्ञानालाही सगळं कळत नाही. (निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)*

पुरावा नाही. शोधायला गेलेही नाही. वाखरीपासून पुढे जेव्हा माणसांचा लोंढा एका आवाजात चालतो तेव्हा मला काय होतं ते मी कुणाला पटवून देत नाही, कुणी पटवून घेतलंच पाहिजे असंही माझं म्हणणं नाही. पण उद्या मी म्हटलं की वारी केल्याने साखर उतरते, इन्सुलिन बंद करा, तर माझ्या घशाला धरा. तिथे मी जगाबद्दल बोलायला लागले, आणि साखर मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्येच आहे.

विज्ञानाला सगळं कळत नाही हे तर मीच वर चिऱ्यांच्या गोष्टीत लिहिलंय. बँकेत तुम्ही वर्षानुवर्षं ताळेबंद केलेत. हिशेब जुळला नाही म्हणून कुणी 'बँकेलाही सगळं कळत नाही, तेव्हा माझ्या खात्यात लाख रुपये आहेत असं धरा' म्हणालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? बोट ठेवण्याचा अधिकार कुणी दिला, तर नोकरीने. पहाटे दार मी उघडत होते.

पत्र सणसणीत होतं, आवडलं. पुन्हा लिहा.

*प्र. : मी अकरावी सायन्सला आहे. माझी आजी सांगते की १९९५ मध्ये तिने गणपतीला दूध पाजलं आणि देव खरंच प्यायला. मी तिला सरफेस टेन्शन समजावलं, व्हिडिओ दाखवले, शेवटी 'तू खोटं बोलतेस' म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता तो विषय काढला की उठून जाते. (विद्यार्थी, सांगली)*

बाळा, तुझी आजी खोटं बोलत नाही. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मीही त्या रांगेत होते. ओपीडी उरकून, दवाखान्याच्या चहाचं उरलेलं दूध पेल्यात घेऊन गेले. मोबाइल नव्हते, एसटीडी बूथवरून बातमी आली आणि दुपारपर्यंत देवळापासून पारापर्यंत रांग. माझी पाळी आली, चमचा सोंडेला लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत दूध गेलं. अंगावर काटा आला. मी तेव्हा अकरा वर्षं नोकरी केलेली नर्स होते, तुझ्यापेक्षा सरफेस टेन्शन मला एक धडा जास्तच येत होतं. त्या क्षणी काही आठवलं नाही.

म्हणून आधी आजीला सांग, "तू पाहिलंस ते खरं, चमच्यातलं दूध गेलंच." तू 'खोटं' म्हणालास ते तिच्या डोळ्यांना लागलं. वाद तिने काय पाहिलं याचा नाहीच. प्रश्न एवढाच की दूध गेलं कुठे, आणि तो तिलाही पडू शकतो. मला पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. कामावर जाताना देवळावरून गेले तर पुजारी गाभारा धूत होते, बाहेरच्या पन्हळीतून पांढरट पाणी चाललेलं, आंबूस वास आणि मुंग्यांची रांग. मी तिथेच उभी राहिले. देवाने प्यायलेलं दूध इथे कसं आलं?

दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा रंगीत दूध वापरून दाखवलं होतं. दुधाचा थेंब दगडाला टेकला की चमच्यातलं दूध त्याच्यामागे ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं. ओल्या किंवा पांढऱ्या मूर्तीवर ते दिसत नाही.

हे तू समजावू नकोस. घरी पितळेचा गणपती असेल तर तो, नाहीतर पाट्याचा दगड पाण्याने ओला करून उभा ठेव. चमचा काठोकाठ भरायचा, दगडाला टेकवायचा आणि अगदी किंचित कलता करायचा. खाली परात. पहिल्यांदा आजीला करू दे, तिचा हात या कामात तुझ्यापेक्षा मुरलेला आहे. आणि दुधात कुंकू जरा सढळ हाताने घाल, तिला चष्म्याशिवायही दिसलं पाहिजे. काय झालं ते मला कळव. ती उठून गेली असली तरी कळव.